दादाच्या ट्रकचा ठोका

"इंजिन ठोकतंय रे. काय करू ते कळव," असं दादाने परगावाहून पत्रात विचारलं होतं. धाकटा भाऊ मेकॅनिक. सवडीने लिहू म्हणत त्याचं उत्तर राहून गेलं, आणि मग दादाच गेला. आता दादाचा तो जुना ट्रक धाकट्याच्या गॅरेजात उभा होता. सुरू केला की ठोका तसाच.

"भाऊजी, दुरुस्त झाला तर ड्रायव्हर ठेवून चालवीन, नाही तर भंगारात," वहिनी म्हणाली. "यांच्यासारखाच हट्टी दिसतोय मेला."

त्याने स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून मूठ कानाशी धरली. एकेका सिलिंडरचं डिझेल तोडून पाहिलं. बिघडलेला सिलिंडर बंद झाला की ठोका थांबायला हवा. इथे तो कशानेच थांबेना. इंजिन बंद करून खोललं, तर बेअरिंगं, पिस्टन सगळं ठणठणीत. आपलेच कान बिघडले की काय, असं त्याला वाटू लागलं.

शेवटी साखळी लावून इंजिन उचललं आणि जमिनीवर ठेवलं.

रिकाम्या बॉनेटखाली ठोका सुरू झाला.

दोघं वाकून पाहत राहिली. खाली नुसती फरशी होती.

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाली, "यांच्या पत्राला उत्तर दिलं होतंत ना?"

तो तेलकट हातांनीच लिहायला बसला. 'दादा, माझी अक्कल चालेना. तूच सांग, काय ठोकतंय?' जुना पत्ता घालून तो कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेला. पत्र अर्धं आत गेल्यावर त्याला आपलीच लाज वाटली. तो ते मागे घेऊ लागला, तेवढ्यात आतून कुणीतरी ते ओढून घेतलं.

मागे गॅरेजातला ठोका थांबला.