नोरीनाचे पाय

१९५३ साली, ऐन द्राक्षतोडणीत, बाबांचा पाय मोडला. इटलीत, मोनफेर्रातोमधल्या आमच्या मळ्यात वाइनची द्राक्षं घरच्या पुरुषानेच तुडवायची, असा रिवाज होता. ते पीक वाया गेलं, तर मळा विकावा लागणार होता.

"मी उतरते हौदात," आई म्हणाली.

"बाईचा पाय? सगळ्याचं व्हिनेगर होईल!" बाबा ओरडले.

"मग टाका विकून, आणि बसा पाय धरून!"

रविवारी बाबांना हातगाडीत घालून आम्ही चर्चला गेलो. घरी आठ महिन्यांची माझी बहीण नोरीना आणि तिचा पाळणा हलवणारी आंधळी आत्या, एवढ्याच होत्या.

परतलो तर तळघरातल्या हौदात रस फेसाळत होता. द्राक्षं पार तुडवलेली. तळघराची किल्ली आईच्या कमरेलाच होती.

"कोण आलं होतं?" बाबांनी विचारलं.

"कुणी नाही रे," आत्या म्हणाली. "पाळणा तेवढा तासभर हलका लागत होता."

आईने दुपटं उलगडलं. नोरीनाचे पाय गुडघ्यापर्यंत जांभळे होते.

तशी वाइन पुन्हा झाली नाही. आत्या त्याच हिवाळ्यात गेली. आईबाबा म्हातारे होऊन गेले. मळा अजून मीच बघते.

नोरीनाने सत्तरी ओलांडली. डॉक्टरांना तिच्या पायांत कधीच काही दोष सापडला नाही. पण ती आयुष्यात एकदाही उभी राहिली नाही.