मांजरांचा जिना

कॉलेजातली सगळी मांजरं रोज सकाळी मुलींच्या हॉस्टेलच्या मागच्या जिन्यावरच का जमतात, यावरचं आपलं तीन वर्षांचं संशोधन प्राणिशास्त्राच्या मॅडमनी सभागृहात मांडलं. कोवळं ऊन, वाऱ्याची दिशा, भिंतीची ऊब, सगळं अगदी बावीस तक्त्यांनिशी. हॉस्टेलात प्राण्यांना सक्त बंदी करणाऱ्या रेक्टरबाई पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होत्या.

टाळ्या संपल्या, रेक्टरबाई उठून दाराकडे निघाल्या, तशी पहिल्या वर्षाची एक मुलगी घुटमळत मॅडमपाशी आली.

“मॅडम, उन्हाबिन्हाचं काही नाही हो. आम्ही तिथे दूध ठेवतो.”

“हळू बोल गं!” लॅपटॉपची वायर गुंडाळत मॅडम कुजबुजल्या. “बावीस तक्ते लागले मला, तुमच्या त्या निळ्या वाटीवर पांघरूण घालायला.”