सर्वांत उंच जागा

भरती पुरती चढली, तेव्हा तांबळबेट या देशाची खाटेएवढीच जमीन कोरडी उरली होती. देशाचा अध्यक्ष, कस्टमवाला आणि दिवाबत्तीवाला, सगळं एकटा धाकलू नाखवाच. त्याची बायको हिरू ही उरलेली प्रजा. बाकीचे चार हजार लोक परमुलखातल्या छावण्यांत राहत होते. देश बुडाला, की त्यांचे पासपोर्ट आणि मासेमारीचा हक्क दोन्ही बुडणार होते.

देशाची कोरडी जमीन उरली का, याच्या मोजणीला आलेल्या परदेशी बाई घोटाभर पाण्यात उभ्या राहून त्या उंचवट्याकडे बघत होत्या. त्यांच्या गळ्यातलं दुभाषी यंत्र मराठीत बोललं, "माणसाने घातलेली भर कायद्यात जमीन धरत नाहीत. हा उंचवटा नैसर्गिक आहे ना?"

धाकलूने हिरूकडे पाहायचं टाळलं. एकोणीस वर्षांपूर्वी दोन महिन्यांच्या लेकीला इथे पुरून त्यानेच ओंजळीओंजळीने वाळू लोटली होती. हिरू दर पावसाळ्यानंतर त्यावर शिंपले रचत आली होती.

"आमच्या आज्याच्या आधीपासनं हाय," तो म्हणाला. "आत कायबी नाय."

बाईंनी त्याचा अंगठा घेतला. "अभिनंदन. आणखी एक वर्ष तुम्ही देश आहात. नियमाप्रमाणे झेंडा सर्वांत उंच जागी लागतो. आत्ताच रोवा, मला फोटो हवा."

धाकलूने पहार उचलली. हिरू जवळ आली आणि यंत्राला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "ह्या अंगाला मारा, हळू. तिचं डोकं तिकडं हाय."