कंदीलचे आभार

"गव्रिलो, तू स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेतोयस का?" स्लावित्साने फोनवर थेट विचारलं.

गव्रिलो नुकताच कारखान्यातून घरी आला होता. एक बूट पायात होता, एक हातात. तो तसाच जिन्यावर बसला.

स्लावित्सा त्यांच्या संगणक मंचाची प्रमुख. कुणाचा संगणक अडला की तो मंचावर प्रश्न टाकायचा आणि जाणकार मंडळी हौसेने उत्तरं द्यायची. उत्तर आवडलं की 'आभार' असं बटण दाबायचं. वर्षभरात ज्याच्या पदरात सर्वांत जास्त आभार, तो वर्षाचा सभासद. त्याचं नाव वर्षभर पहिल्या पानावर झळकायचं आणि बेलग्रेडच्या मेळाव्यात त्याला कॉफीचा मग मिळायचा. तो मग अगदी साधा, पण त्यासाठी चांगली शहाणीसुरती माणसं जीव टाकायची. गव्रिलोचा नंबर सलग दोन वर्षं थोडक्यात हुकला होता. यंदा तो पहिला होता.

"कंदील नावाच्या सभासदाने तुला एकशे चौदा आभार दिलेत," स्लावित्सा म्हणाली. "दुसऱ्या कुणाला एकही नाही. आणि हा कंदील तुझ्याच घरातल्या इंटरनेटवरून येतो."

"माझ्या घरातून?"

"तुझ्याच. सहा वाजता मला नाव जाहीर करायचंय. त्याआधी खरं काय ते सांग. लबाडी निघाली तर मान जाईलच, वर तुझं पंधरा वर्षांचं खातं बंद करावं लागेल. मला ते करायला लावू नकोस रे."

कंदीलला गव्रिलो चांगला ओळखत होता, फक्त पाहिलं नव्हतं. सुबोटित्साकडचा कुणी निवृत्त मास्तर असेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. कंदील तेच तेच विचारायचा. फोनमधले फोटो संगणकावर कसे घ्यायचे, हे त्याने अकरा वेळा विचारलं होतं. बाकीच्यांनी कंटाळून नाद सोडला. गव्रिलो मात्र दर वेळी नव्याने, एकेक पायरी सांगत उत्तर लिहायचा. घाई करू नका, मी आहे, असंही शेवटी जोडायचा. का कोण जाणे, या माणसावर त्याचा जीव जडला होता.

घरात माणसं दोनच. वर गव्रिलो, खाली त्याचे वडील व्लास्तिमिर, आणि दोन्ही मजल्यांना मिळून इंटरनेटची एकच डबी, ती जिन्यात. वडिलांचा तर प्रश्नच नव्हता. ईमेल कसा पाठवायचा, हे त्यांनी दोन वर्षांपूर्वी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा गव्रिलो त्यांच्यावर खेकसला होता. "डोक्यात शिरत नसेल तर सोडून द्या ना, बाबा." त्यांनी परत काही विचारलं नाही. तेव्हापासून बापलेकात बोलणं व्हायचं ते सरपणाचं आणि मिरच्यांचं. गव्रिलोला त्याची टोचणी होती, पण खाली जाऊन तसं म्हणायला जीभ रेटत नव्हती.

हे काम शेजारच्या द्रागोमिरचं, असं ठरवून तो अंगणात गेला. वडील आयवारच्या चटणीसाठी चुलीवर लाल मिरच्या भाजत होते.

"बाबा, आपल्या इंटरनेटचा पासवर्ड द्रागोमिरला दिलात का?"

"नाही. का रे, काही बिघडलं?"

"कंदील नावाचा कुणीतरी आपल्या घरातून मला भरमसाट आभार देतोय. मी लबाड ठरणार."

वडिलांनी चिमटा खाली ठेवला. ते आत गेले आणि एक जाडजूड वही घेऊन आले.

"कंदील मीच," ते म्हणाले. "रेल्वेत चाळीस वर्षं कंदीलच हलवला. दुसरं नाव सुचलं नाही."

गव्रिलोने वही उघडली. आत त्याचीच उत्तरं होती, वडिलांच्या वळणदार अक्षरात, शब्दन् शब्द. त्याला भडभडून आलं.

"उत्तर देणारा मी आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"तुझ्या नावाशेजारी मांजराचा फोटो आहे. ते आपल्याच कुंपणावर बसलंय, गव्रिलो. मी म्हातारा झालोय, आंधळा नाही."

पावणेसहा झाले होते. द्रागोमिरवर ढकललं तर कुणाला पत्ता लागणार नाही, असं गव्रिलोच्या मनात येऊन गेलं. मग त्याने फोन काढला आणि स्लावित्साला लिहिलं, 'कंदील म्हणजे माझे वडील. मला आज कळलं. ते आभार वजा कर.'

उत्तर लगेच आलं. 'विश्वास ठेवते. खातं राहील. पण पहिला नंबर आता नोवी सादच्या मिलिवोयचा. बाबांना नमस्कार सांग.'

गव्रिलो खट्टू झाला. नाही कसा होणार, तिसरं वर्ष होतं.

"माझ्यापायी तुझा मान गेला," वडील म्हणाले.

"जाऊ द्या." तो वहीची पानं उलटत होता. फोटोंच्या पानावर तो थांबला. सगळ्या पायऱ्यांखाली वडिलांनी लिहिलं होतं, 'जमलं. चौदा जानेवारी.'

"बाबा, हे तर पहिल्याच फटक्यात जमलं होतं तुम्हाला. मग पुढे दहा वेळा कशाला विचारलंत?"

वडिलांनी चिमटा उचलला आणि एक मिरची उलटली.

"जमलं म्हणून सांगितलं असतं, तर तू माझ्याशी बोलायचा थांबला असतास."