मागची सीट

पाव मैलाची मोटारशर्यत संपली आणि वर्षभर ज्यासाठी झुरलो, तो पंधरा सेकंदांच्या आतला आकडा वेळेच्या पाटीवर उमटला. मी आधी मागे वळून पाहिलं. मागे नुसता पत्रा होता. गाडी हलकी व्हावी म्हणून स्टेपनी, जॅक आणि शेवटी मागची सीटही मीच काढून ठेवली होती.

त्याच सीटवरून लहानपणी शाल्मली ओरडायची, "बाबा, अजून जोरात पळव ना." ती गाडीत असायची म्हणून मी मुद्दाम हळू चालवायचो. आता ती कॅनडात असते.

घरी आलो तर बायको व्हरांड्यात त्या काढलेल्या सीटवर बसून मटार सोलत होती. तिच्याशेजारी बसून लेकीला फोन लावला, आकडा सांगितला. ती खूश झाली. मग म्हणाली, "पण दिवाळीला मी आले की बसू कुठे?"

फोन ठेवला आणि पाना घेऊन आलो. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"दिवाळीला अजून आठ महिने आहेत."

"माहितीये. ऊठ जरा."

तिने मटारांची परात खाली ठेवली आणि सीटची दुसरी बाजू धरली.