कोंबड्याचा होकार

कोंबडा तांदळाकडे बघेचना. गावच्या राखणदार देवाच्या पाषाणापुढे रावजी गुरवाने मूठभर तांदूळ टाकले, त्याला घटका होऊन गेली. कोंबड्याने ते टिपले की लग्नाला देवाचा होकार, अशी गावची रीत. म्हणून तर त्याला कालपासून डालग्याखाली उपाशी कोंडलेला. पण हा शहाणा तांदळातच पाय देऊन उभा, आणि बघतोय काजूच्या झाडाकडे.

"देवाच्या मनात नाय की काय?" महिपत घामाघूम झाला. लोट्याच्या एमआयडीसीत नोकरीला असलेला जावई काय रोज मिळतो? अकराच्या एसटीने मुलाकडची माणसं यायची होती.

वाडीतल्या पुरुषांच्या मागे महिपतची बायको हौसा उभी होती. पहाटे डालगं उचलून तिनेच कोंबड्याला ओंजळभर नाचणी चारली होती.

लेक राही दहावी झालेली. "मला हा नको," एवढंच म्हणाली, तर बापाने तिचं ताट बंद केलं. तिसऱ्या दिवशी पोरीने मान हलवली आणि भाताला हात घातला. महिपत वाडीभर सांगत सुटला, पोरगी कबूल झाली. हौसा तेव्हा गप्प बसली, आणि ते गप्प बसणं तिला आतून कुरतडत होतं. आता देवानेच नाही म्हणावं, म्हणजे आपल्याला तोंड उघडायला नको, असा तिचा बेत.

"घाबरू नको, महिपत," रावजी म्हणाला. "जनावर ते. त्याला कसली मर्जी? भूक लागली का टिपतंच. बसूया."

बसले. ऊन पायांवर आलं. हौसा घडीत रस्त्याकडे बघे, घडीत चोचीकडे. पदराचं टोक पिळून पिळून तिने त्याची दोरी केली. खाऊ नको रे बाबा, खाऊ नको.

खाली एसटीचा हॉर्न वाजला. कोंबड्याने मान वाकवली आणि एक दाणा टिपला. मग दुसरा.

"मानलान," रावजीने हात जोडले. "बा राखणदारा, आज तुझ्या साक्षीनं महिपतच्या लेकीचं लगीन ठरतंय."

"व्हय म्हाराजा," सगळे पुरुष एका सुरात म्हणाले.

"नाय," हौसा म्हणाली.

गुरवाचे हात जोडलेले तसेच राहिले. महिपत गर्रकन वळला. "देवानं होकार दिलान, हौसा. बघितलंस ना?"

"कोंबड्यानं दिलान. त्याला भूक लागली." तिने पिळलेला पदर सोडला. "राहीला पण लागलेली. माझं पोट भरलेलं हाय. मी नाय म्हणते."