शेवटचा सर्ग

बंद दाराला कान लावून उभ्या असलेल्या विवेकला आत चाललेल्या बायकोच्या, मृणालिनीच्या ऑनलाइन इंटरव्ह्यूतून बरंच काही मिळणार होतं. अमेरिकेतल्या ट्रॉय गावातलं घर टिकणार होतं. लेकीची, आरोहीची शाळा सुटणार नव्हती. गेल्या महिन्यात कंपनीने त्याला काढलं होतं आणि आता व्हिसाही संपत आला होता. मृणालिनीला युनिव्हर्सिटीने घेतलं, तर तिचा व्हिसा होणार आणि तिचा डिपेंडंट म्हणून त्यालाही राहता येणार. नाही घेतलं, तर बॅगा भरून पुणे. मृणालिनीला मिळणार होती फक्त नोकरी.

तीही कशाच्या जोरावर? तर आठशे वर्षांपूर्वीच्या एका लॅटिन महाकाव्याच्या भाषांतराच्या. त्यात जुन्या ट्रॉयचं युद्ध. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलक जेवणात विवेकचा ठरलेला विनोद असायचा, "आम्ही या ट्रॉयमध्ये बर्फ उपसतो, बायको त्या ट्रॉयमध्ये लढते!" सगळे हसायचे. मृणालिनीही हसायची. आता त्याच युद्धासाठी त्याने देव पाण्यात घातले होते. उभं राहून मान अवघडली होती. ती त्याची जुनी तक्रार, हल्ली विसरलेली.

"बाबा, दॅट्स सो रूड," मागून आरोही म्हणाली.

"शूऽ! होमवर्क कर, जा."

आतून प्रोफेसरबाईंचा इंग्रजी प्रश्न ऐकू आला. "तीन वर्षांपूर्वी हीच जागा आम्ही तुम्हाला देत होतो. तुम्ही नाही म्हणालात. का?"

खरं कारण दाराबाहेर उभं होतं. तेव्हा तोच म्हणाला होता, "माझं प्रमोशन तोंडावर आहे, आरोहीला कोण बघणार? पुढच्या वर्षी बघू." हे कळलं, तर नवरा पुन्हा आडवा येईल असं त्यांना वाटणारच. आणि ती सांगणार. का नाही सांगणार? त्याने सांगितलं असतं.

"भाषांतर अपुरं होतं," मृणालिनी म्हणाली. "शेवटचा सर्ग राहिला होता. शहराचं दार शत्रूने फोडलं, असं मी धरून चालले होते. या काव्यात ते आतल्याच माणसाने उघडलंय. कळायला वेळ लागला. चूक माझीच."

आत कोणीतरी हसलं. थोड्या वेळाने दार उघडलं.

"ऑगस्टपासून ये म्हणाले."

"वाचवलंस यार!" विवेकचा जीव भांड्यात पडला. "आणि अपुरं होतं होय ते? मी उगाच इतकी वर्षं मनाला लावून घेतलं."

मृणालिनीने त्याच्याकडे बघितलं. "तुझा मॉनिटर उचल जरा. दुरुस्त्या कागदावर आहेत, त्यांना आजच पाठवायच्यात."

त्याने मॉनिटर उचलला. मानदुखीवर उपाय म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यानेच तिचा एक जाडजूड गठ्ठा खाली सरकवला होता. काय आहे ते बघितलं नव्हतं. तिने त्या भाषांतराच्या गठ्ठ्याचं शेवटचं पान उलटलं. शेवटचा सर्ग जागेवर होता, आतून उघडलेल्या दारासकट. खाली तारीख होती, तिने नकार कळवला त्याच्या आदल्या आठवड्यातली.

विवेकने मॉनिटर खाली ठेवला. घर टिकलं, शाळा टिकली, तीन वर्षं त्याची मानही दुखली नव्हती. सगळ्याची किंमत तिने एकटीने मोजली होती, आणि वर चूकही स्वतःच्याच नावावर मांडून घेतली होती.